आधी नकाशावर गाव शोधा, मग घाबरा

काही वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका द्राक्षतज्ज्ञाला आम्ही दिंडोरीला बाग बघायला बोलावलं होतं. होकाराच्या आधी त्याचा प्रश्न आला, "तुमची बाग पूर्व महाराष्ट्रात तर नाही ना?" मला काही बोध होईना. नंतर कळलं की अमेरिकेचं परराष्ट्र खातं भारताबद्दल जी प्रवाससूचना काढतं, तिच्यात नक्षलवाद्यांच्या संदर्भात पूर्व महाराष्ट्राचा उल्लेख असतो. गडचिरोली माझ्या बागेपासून आठशे किलोमीटरच्या वर. मी नकाशावर दोन टिकल्या लावून पाठवल्या. गडी आला, मिसळीचा रस्सा पिऊन डोळ्यांतून पाणी काढलं, आणि जाताना म्हणाला, "खरी भीती मुंबई-नाशिक रस्त्यावर वाटली."

त्याचा प्रश्नही बरोबर होता आणि शेराही. धोक्याच्या देशात जायचं की नाही हे ठरवायची माझी जी पद्धत आहे, ती त्याच्याकडूनच सुरू झाली. पुढे 2025च्या जूनमध्ये आम्ही चौघे बागायतदार इजिप्तची द्राक्षं बघायला गेलो. आपला माल एप्रिलअखेर युरोपच्या बाजारातून आवरतो आणि मेपासून त्यांचा सुरू होतो, म्हणून ते कसं पिकवतात ते डोळ्यांनी बघायचं होतं. त्या दौऱ्यात ही पद्धत कुठे उपयोगी पडली आणि कुठे मी तोंडावर आपटलो, दोन्ही सांगतो.

इशारा कुणाचा, कधीचा

हवामान खातं म्हणतं, "नाशिक जिल्ह्यात तुरळक ठिकाणी गारपीट." म्हणून कुणी बाग तोडत नाही. कुठला तालुका, किती वाजता, मण्यांत पाणी उतरलंय की अजून फुलोरा आहे, हे बघतो. देशांचे इशारेही असेच वाचायचे.

अमेरिका प्रत्येक देशाला एक ते चार असा स्तर देते. एक म्हणजे नेहमीची काळजी घ्या, दोन म्हणजे जास्त सावध राहा, तीन म्हणजे जाण्याचा फेरविचार करा, चार म्हणजे जाऊ नका. ही पद्धत 2018 पासून आहे आणि आपला भारत तिच्यात बहुतेक काळ दोनवर आहे. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे ते आपल्यालाही घाबरतात?" घाबरतात ना. स्तराबरोबर कारणही दिलेलं असतं, गुन्हेगारी, दहशतवाद, दंगली, अपहरण, आरोग्य. आकडा सोडा, कारण वाचा. दोन देश एकाच स्तरावर असले तरी एकात खिसा सांभाळायचा असतो आणि दुसऱ्यात जीव.

माझा जास्त भर ब्रिटनच्या सरकारी पानावर असतो. ते देशाला एक आकडा देऊन मोकळे होत नाहीत, देशाचा नकाशाच रंगवतात. हिरवा, नारिंगी, लाल. नारिंगी म्हणजे अगदी गरज असेल तरच, लाल म्हणजे अजिबात नाही. त्या सल्ल्याविरुद्ध गेलं तर तिथल्या लोकांची विमा पॉलिसी बाद होऊ शकते, त्यामुळे तिथे त्या रेषेला वजन आहे. पानावर सूचना आज लागू आहे का आणि शेवटी काय बदललं हेही लिहिलेलं असतं. व्हॉट्सअपवर फिरणाऱ्या इशाऱ्याला ही दोन्ही नसतात.

आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचे स्तर-बितर नसतात, सरळ वाक्य असतं. 12 एप्रिल 2024 ला त्यांनी सांगितलं, पुढील सूचनेपर्यंत इराण आणि इस्रायलला जाऊ नका. असं वाक्य आलं की माझ्यापुरता विषय संपतो. परक्या देशांचे इशारे मी माहितीसाठी वाचतो, कारण ते बारकाईने लिहिलेले असतात. पण ते त्यांच्या माणसांसाठी असतात. अमेरिकी पासपोर्टवाल्याला जिथे धोका, तिथे आपल्याला कदाचित कुणी विचारणारही नाही. आणि उलटही होतं, भारतीय म्हणूनच एखाद्या ठिकाणी अडचण असू शकते. अडकलो तर सोडवायला येणार आपलंच सरकार, त्यामुळे शेवटचा शब्द त्याचा.

टिकली लावा

इजिप्तच्या ब्रिटिश नकाशात उत्तर सिनाई लाल, लिबियाच्या सीमेलगतचा पट्टा लाल, आणि नाईलच्या पश्चिमेकडच्या वाळवंटाचा मोठा भाग नारिंगी. नाईलचं खोरं, कैरो, लक्सर हिरवं. एवढं बघून माणूस म्हणेल, झालं की! पण आम्हाला पिरॅमिड बघायचे नव्हते, बागा बघायच्या होत्या. तिथल्या नव्या द्राक्षबागा वाळवंट फोडून केलेल्या, कैरो-अलेक्झांड्रिया वाळवंटी रस्त्याच्या आजूबाजूला, म्हणजे त्रिभुज प्रदेशाच्या पश्चिम कडेला. नारिंगी रंग तिकडेच सुरू होतो.

म्हणून यजमानांकडून तिन्ही बागांची लोकेशन मागवली. "अलेक्झांड्रिया रोडला आहे" एवढ्यावर भागत नाही, जसं "पेठ रोडला आहे" म्हटल्यावर बाग नाशकात आहे की पेठच्या घाटात, हे कळत नाही. लॅपटॉपवर एका बाजूला ब्रिटनचा नकाशा, दुसऱ्या बाजूला टिकल्या. दोन बागा निवांत होत्या. तिसरी रेषेला इतकी चिकटून की मोठा करून पाहिला तरी आत की बाहेर ते ठरेना. आमच्यातला बापू म्हणाला, "रेषेवर बॉम्ब पडतो का रे?" पडत नाही. पण 2015च्या सप्टेंबरात त्याच पश्चिम वाळवंटात इजिप्तच्याच सुरक्षा दलांनी पर्यटकांच्या ताफ्याला अतिरेकी समजून वरून मारा केला. बारा माणसं गेली, त्यातले आठ मेक्सिकन पर्यटक. म्हणजे त्या भागात धोका फक्त अतिरेक्यांचा नाही, अतिरेकी शोधणाऱ्यांच्या चुकीचाही आहे. बापू गप्प झाला. तिसरी बाग आम्ही सोडली आणि यजमानाला तसं मोकळेपणाने कळवलं. त्यानेच मग त्या बागेच्या मॅनेजरला कैरोत आमच्या हॉटेलवर बोलावलं. दोन तास बसून त्याने छाटणीपासून पॅकिंगपर्यंत सगळं सांगितलं, मोबाईलवर घडांचे फोटो दाखवले. बागेत उभं राहून याहून जास्त कळलं असतं असं मला वाटत नाही.

भीतीचा धोका आणि खरा धोका

आमच्या निघण्याच्या आठवड्यात भीतीचा नुसता बाजार भरला होता. 12 जूनला अहमदाबादला विमान कोसळलं. 13 ला इस्रायलने इराणवर हल्ला केला. आई टीव्हीसमोरून उठेना. "बॉम्ब पडतायत आणि तू द्राक्षं बघायला चाललास? इथे कमी आहेत का?" बायको त्यामानाने थंड. म्हणाली, "अहो, दिंडोरीला जायचं तरी तुम्ही आभाळ बघता. आताही बघा आणि ठरवा. पण मला कारण सांगून जा."

कारण सांगता येणं, ही माझ्या मते सगळ्यात चांगली परीक्षा. "काही होत नाही गं" हे कारण नव्हे.

मी एका कागदावर लिहिलं: आपल्याला तिथे नक्की काय होऊ शकतं? सगळ्यात वर आला रस्ता. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023च्या अहवालानुसार जगात वर्षाला जवळपास 11 लाख 90 हजार माणसं रस्त्यावर मरतात. दहशतवादाचा आकडा याच्या जवळपासही नाही. पण रस्त्याची भीती कुणाला वाटत नाही, कारण ती रोजची. म्हणून नियम केला: अंधार पडल्यावर शहराबाहेर गाडी चालणार नाही, मागच्या सीटलाही पट्टा हवा, ड्रायव्हरला दुपारी विश्रांती. यजमानाला हा जरा लाडावलेपणा वाटला. वाटू दे.

दुसरं आलं ऊन. जूनमध्ये लक्सरला पारा चाळिशीच्या वर, आणि आमच्यातले अण्णा सदुसष्टचे, इन्सुलिनवर. लक्सर रद्द. तिथल्या फुग्यातल्या सफरीचा बापूला मोह होता, पण 2013च्या फेब्रुवारीत तिथेच एका फुग्याला आग लागून 19 जण गेले होते आणि आमच्या पॉलिसीत असल्या साहसांना जागा नव्हती. दोन कारणांनी तोही गेला. तिसरं पोट, त्यासाठी बाटलीबंद पाणी आणि सोललेल्या फळांना नकार, एवढं पुरे. युद्ध चौथ्या नंबरवर होतं. कैरो ते तेहरान अंतर बघितलं, दोन हजार किलोमीटरच्या आसपास. ठीक आहे म्हटलं. इथे मी चुकलो, पण ते पुढे.

कोण जातंय यावर धोका बदलतो, हे लोक विसरतात. अण्णांच्या जागी माझा पंचवीस वर्षांचा पुतण्या असता तर ऊन यादीत खाली गेलं असतं. बरोबर बाई असती तर रात्रीचं फिरणं, टॅक्सी, हॉटेलची जागा यांचा विचार वेगळा झाला असता आणि तो तिनेच केला असता, आम्ही नव्हे.

आता एका गोष्टीत तोलायला बसूच नका. गावातली पोरं थायलंड, म्यानमार, कंबोडिया, लाओस इथल्या "डेटा एन्ट्री"च्या नोकऱ्यांचे मेसेज दाखवतात. पगार दीड लाख, तिकीट फुकट, मुलाखत टेलिग्रामवर. आपलं मंत्रालय वर्षानुवर्षं सांगतंय की अशा पोरांना सीमेपलीकडे नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबतात. इराणने 2025च्या नोव्हेंबरात भारतीयांची बिनव्हिसा सोय स्थगित केली तीही अशाच प्रकारांमुळे, नोकरीचं आमिष दाखवून नेलं आणि तिथे पळवून खंडणी मागितली. एजंट सरकारच्या ई-मायग्रेट या परदेशी नोकऱ्यांच्या वेबसाइटवर नोंदलेला आहे का बघा. नसेल तर फोन ठेवा.

परतीची रेषा आधीच आखा

गारा पडायला लागल्यावर बागेवर प्लास्टिक टाकायला कुणी धावत नाही. तसं परदेशात काही घडल्यावर चार माणसांत चर्चा सुरू झाली की संपलं. एकाचे पैसे अडकलेले, दुसऱ्याला लाज वाटते, तिसरा म्हणतो उद्यापर्यंत बघू.

14 तारखेला संध्याकाळी पाथर्डी फाट्यावर अण्णांच्या घरी बसलो आणि कागदावर लिहिलं. आपल्या दूतावासाने इजिप्त टाळा म्हटलं, तर जायचं नाही, आणि तिथे असलो तर मिळेल त्या विमानाने परत. कैरोत संचारबंदी किंवा मोठी दंगल झाली, तर बागा सोडून हॉटेलात. चौघांपैकी एकजण जरी म्हणाला "मला बरं वाटत नाही, परत जायचं", तर वाद न घालता त्याची सोय करायची. खाली चौघांच्या सह्या. बापूने आधी थट्टा केली, "सोसायटीचा ठराव करताय का?" पण सही त्यानेही केली.

कागदाला पैशाची जोड लागते. तारीख बदलता येणारं तिकीट आम्ही माणशी साडेसहा हजार जास्त देऊन घेतलं. न बदलणारं तिकीट घेतलं की कागदावर काहीही लिहा, मन पैशाकडेच ओढतं.

दूतावासाच्या वेबसाइटवर नोंदणी केली. पाच मिनिटांचं काम आहे. कैरोतला आपला दूतावास झमालेक भागात आहे, त्याचा आणीबाणीचा फोन चौघांच्या मोबाईलमध्ये आणि चौघांच्या पाकिटात कागदावर. तिथल्या पर्यटन पोलिसांचा 126 आणि रुग्णवाहिकेचा 123 पण.

कागदावर का, हे लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्याने शिकवलं. 2024च्या जुलैत तो वसुलीसाठी ढाक्यात होता. 18 तारखेला देशभर इंटरनेट बंद झालं, मागोमाग संचारबंदी. तिकीट मोबाईलमध्ये, हॉटेलचा पत्ता मोबाईलमध्ये, पैसे मोबाईलमध्ये. "माझ्या हातात तेव्हा फक्त पासपोर्ट आणि एक घड्याळ होतं," असं तो सांगतो. तेव्हापासून मी तिकीट, व्हिसा, पॉलिसी, पासपोर्टची झेरॉक्स आणि डॉक्टरांची चिठ्ठी छापून नेतो, आणि 200 डॉलर बनियनच्या आतल्या खिशात. हा खिसा आईने शिवलाय. घाबरणारी माणसं कामाला लावावीत, त्यांची भीती कमी होते.

मी कुठे चुकलो

17 जूनला निघालो, दोहामार्गे कैरो. बागा छान झाल्या. अर्ली स्वीट जातीच्या द्राक्षांचे घड बघून बापू हळहळला, कारण आमच्याकडे त्या वर्षी मे महिन्यातच पाऊस आला होता आणि पुढच्या घडांची चिंता डोक्यात होती. दूतावासाचं पान मी रोज सकाळी बघायचो. इजिप्तमध्ये सगळं शांत.

22 तारखेला अमेरिकेने इराणच्या अणुकेंद्रांवर हल्ला केला. हॉटेलच्या टीव्हीवर बघितलं, चहा प्यायलो, आणि म्हटलं, आपण कैरोत, आपल्याला काय. परतीचं विमान 23 च्या संध्याकाळी, दोहामार्गेच. दोहाजवळ अल उदेदला अमेरिकेचा मोठा हवाई तळ आहे, इराण उत्तर देणार तर कुठे देणार, हा विचार मला शिवला नाही. इजिप्तचा नकाशा मी पंधरा वेळा पाहिला होता. कतारचा एकदाही नाही.

23 ला कैरो विमानतळावर बोर्डिंगची वाट बघत बसलो होतो. फलकावर आमच्या विमानापुढे उशीर, मग रद्द. कतारने हवाई हद्द बंद केली होती आणि थोड्याच वेळात तळावर क्षेपणास्त्रं सुटली. मध्यरात्रीनंतर हद्द उघडली, पण अडकलेली माणसं इतकी की काउंटरवर कुणी धड उत्तर देईना. आम्हाला तिथून निघायला दोन दिवस लागले.

दोन दिवसांत विशेष काही बिघडलं नाही, ते एका गोष्टीमुळे. अण्णांनी इन्सुलिन सात दिवसांऐवजी पंधरा दिवसांचं घेतलं होतं, थंड पाऊचमध्ये आणि हातातल्या बॅगेत. सामानात टाकलं असतं तर ते विमानतळाच्या पोटात कुठेतरी आणि अण्णा बाकावर. औषधं दुप्पट न्या आणि चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, एवढं तरी यातून घ्याच.

विम्याने हात वर केले. हॉटेल आणि जेवणाचा खर्च मागितला तर उत्तर आलं, युद्ध किंवा युद्धसदृश स्थितीतून झालेला खोळंबा पॉलिसीत बसत नाही. ते खरंही होतं, अकराव्या पानावर लिहिलेलं होतं. मी हॉस्पिटलचं पान वाचून थांबलो होतो. आता पॉलिसी घेताना मी उलटीकडून वाचतो, काय मिळत नाही ते आधी. शंका असेल तर फोनवर विचारत नाही, ई-मेल करतो, म्हणजे उत्तर लेखी येतं. इशारा आल्यानंतर घेतलेल्या पॉलिसीत तीच घटना सहसा धरत नाहीत, म्हणून तिकीट काढलं त्याच दिवशी विमाही काढतो.

आणि वाटेतले देश. मुक्काम कुठे याच्या आधी आता मी विमान कुठे उतरतं आणि कुणाच्या डोक्यावरून जातं ते लिहितो. मधल्या विमानतळाचा देशही इशाऱ्यांच्या यादीत शोधतो आणि त्यालाही परतीची रेषा असते. 22 च्या सकाळी ती कागदावर असती तर आम्ही बदलता येणारं तिकीट त्याच दिवशी बदललं असतं, त्यासाठीच तर साडेसहा हजार मोजले होते. कैरोहून मुंबईला थेट विमानही असतं. 22 ला त्यात जागा होती की नाही माहीत नाही, कारण मी विचारलंच नाही.

शेवटी दुसऱ्या वाटेने 26 च्या पहाटे तीन वाजता मुंबईत उतरलो. गाडीवाला आदल्या संध्याकाळपासून पार्किंगमध्ये थांबलेला, डोळे तांबडे. "बसा भाऊ, सहापर्यंत नाशिक गाठतो," म्हणाला. बाहेर पाऊस, पुढे कसारा घाट. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी त्याला म्हटलं, "तू आधी मागच्या सीटवर दोन तास झोप. आम्ही चहा पितो." सकाळी साडेनऊला घरी पोहोचलो.